सुधाकरदादाचा डावा कान

मंगलवहिनीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर डाळ वाळत घालत होते. "कुंदाताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेऊन पेपर वाचायला बसला, छातीत कळ आली, आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. नांदेडहून लातूरला पोचेपर्यंत वाटेत मी काय विचार केला ते आठवत नाही. आठवतं ते तिसऱ्या दिवसाचं. राख सावडून आम्ही घरी आलो होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि हळहळत म्हणाले, "सर लई हुशार होते हो. तेवढं एक पिणं सोडलं असतं, तर अजून दहापंधरा वर्षं कुठं गेली नव्हती." मी म्हटलं, "दादा पीत नव्हता. त्याला कानाचा आजार होता." त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि समजूतदारपणे म्हणाले, "हाव ताई, बरोबर हाय. आपण असंच म्हणायचं."

असंच म्हणायचं! महिना उलटला तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. माझा भाऊ चांगला होता, हुशार होता, हे सांगायला मी हा लेख लिहीत नाही. ज्याच्या तोंडाला आयुष्यात दारूचा थेंब लागला नाही, तो माणूस वीसएक वर्षं सगळ्या गावाच्या लेखी दारुडा राहिला आणि तसाच गेला. ते कसं झालं हे कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं.

आम्ही मूळचे अर्धापूरचे. वडील शाळामास्तर, थोडी केळीची बाग. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि मी त्याच्या हाताखालचा प्रयोगाचा उंदीर. अंगणात मला गरागरा फिरवायचा आणि मधेच दोन्ही खांदे धरून थांबवायचा. मी पडायच्या बेतात, घर फिरतंय, निंबाचं झाड फिरतंय... आणि हा माझ्या डोळ्यांत टक लावून बघत असायचा. "कुंदे, तू थांबलीस, पण तुझी बुबुळं पळूनच राहिली बघ!" मग आई धपाटा घालायची, त्याला आणि मलाही. पुढं प्राणिशास्त्र शिकून तो लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात लागला, तेव्हा त्या धपाट्यांचा उलगडा त्यानं मला केला. माणसाला पाच ज्ञानेंद्रियं आहेत असं कुणी म्हटलं की त्याला राग यायचा. "आणि तोल कोण सांभाळतं? तुझी मावशी?" तो विचारायचा. कानाच्या पार आत, हाडात कोरल्यासारख्या तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. मान वळली की नळी वळते, पाणी जरा मागं राहतं, आणि त्या पाण्यानं आतले बारीक केस वाकले की मेंदूला कळतं, आपण फिरलो. माणूस एकदम थांबला तरी पाणी लगेच थांबत नाही, म्हणून जग फिरत राहतं. हे शिकवताना तो पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर भुसा टाकायचा आणि पेला फिरवून दाखवायचा. कार्यालयातलं फिरतं स्टूल उचलून आणायचा, एखाद्या पोराला त्यावर बसवून गिरकी द्यायचा आणि सगळ्या वर्गाला त्याचे डोळे बघायला लावायचा. त्याचे जुने विद्यार्थी आज डॉक्टर आहेत. भेटले की पहिल्यांदा त्या स्टुलाबद्दल बोलतात.

मग किल्लारीचा भूकंप झाला. लातूर शहरात दादाच्या घराची एक भिंत तडकली, जीव वाचले. पण त्याच्या वर्गातली किल्लारीकडची काही पोरं परत आलीच नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसू द्यायला त्याला जड जायचं. लोक घरात झोपायला तयार नव्हते. दादा, वहिनी आणि त्यांची लहानगी लेक रेवती कितीतरी दिवस मैदानात ताडपत्रीखाली राहिले. तिथं एका दुपारी दादानं बाजेची कड घट्ट धरली आणि ओरडला, "हललं! पळा!" आजूबाजूच्या पालांतली माणसं लेकरं उचलून धावली. काहीच हललं नव्हतं. दादा मात्र जमिनीवर पालथा पडून, मूठभर गवत धरून, ओकत होता. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा लोक पळाले. त्यानंतर पळणं बंद झालं, हसणं सुरू झालं, आणि मग एका बाईनं वहिनीला तोंडावर सांगितलं, "तुमच्या मालकांना आवरा, आमची लेकरं दचकून राहिलीत." डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. धसका बसलाय म्हणाले. त्या दिवसांत धसका कुणाला बसला नव्हता? त्यामुळं कुणालाच शंका आली नाही. मला चीड याची येते की दादालाही आली नाही. ज्यानं सगळ्या तालुक्याला आतला कान शिकवला, त्याच्या स्वतःच्या डाव्या कानात समुद्रासारखी घूं घूं चालू होती, कान आतून कुणी बोळा कोंबावा तसा जड व्हायचा, आणि हा गडी वर्षभर झोपेच्या गोळ्या घेत स्वतःला भित्रा म्हणवून घेत होता.

उलगडा झाला तो वहिनीमुळं. घरी परतल्यावर असाच झटका आला. दादा भिंतीला टेकून बसला होता. वहिनी त्याचं तोंड पुसत होती. पुसता पुसता ती म्हणाली, "अहो, तुमचे डोळे असं काय करून राहिलेत?"

"कसं?"

"एका बाजूला पळतात... उजवीकडं. झटका मारून परत येतात, परत पळतात."

वहिनी सांगते, एवढ्या ओकारीत, एवढ्या घामात तो हसला. "मंगल, भीतीनं छाती धडधडते, हात कापतात. बुबुळं अशी पळत न्हाईत. हा कान हाय. कान हाय गं!" पुढच्या रविवारी तो खास नांदेडला आला, मला हे सांगायला. परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा. मी तेव्हा विचारलं, मग आता बरं होईल ना? तर म्हणाला, ते नंतर बघू, आधी हे तर कळलं की मी वेडा नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. आतल्या कानातल्या पाण्याचा दाब वाढतो, मग तोल जातो, ऐकू कमी येत जातं. आजाराला कुठल्याशा परदेशी माणसाचं नाव होतं. कायमचा इलाज नाही. गोळ्या घ्या, मीठ कमी करा. मीठ कमी करायचं सोडून हा दुपारी फडताळातली लोणच्याची बरणी काढायचा. वहिनीनं लोणचं घालणं बंद केलं तर शेजारून मागून आणलं. काय करावं अशा माणसाचं!

दरम्यान लातूर बदलत होतं. मेडिकलच्या प्रवेशासाठी लातूर, असं नाव झालं आणि बघता बघता गल्लीगल्लीत क्लास, वसतिगृहं, खानावळी उभ्या राहिल्या. उदगीरपासून इस्लापूरपर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायला लागली. महाविद्यालयातल्या बाकांवर कुणी बसेना, म्हणून दादाही एका मोठ्या क्लासमध्ये शिकवायला गेला. हॉलमध्ये शेकडो पोरं, चारी कोपऱ्यांत कर्णे, आणि त्या कर्ण्यांतून त्याचाच आवाज त्याच्या दुखऱ्या कानावर आदळायचा. स्टूल आणतो म्हणाला तर क्लासचे मालक म्हणाले, "सर, कानावर दोनच प्रश्न येतात. एका तासात आटपा आणि पुढं चला." डोळा, कान, नाक, जीभ, सगळी इंद्रियं मिळून एक आठवडा. दादानं मला फोनवर सांगितलं, "कुंदे, हे पोरगं उद्या कानाचा डॉक्टर होईल आणि आयुष्यात त्यानं फिरलेल्या माणसाचे डोळे बघितले नसतील." मी म्हटलं, सोड मग. तो म्हणाला, पोरं चांगली आहेत गं.

डावीकडच्या बाकावरून कुणी शंका विचारली तर त्याला ऐकू यायची नाही. पोरांना वाटायचं, सर भाव देत नाहीत. आणि एक दिवस तो शिकवता शिकवता पडला. या आजारात कधी कधी असंही होतं, शुद्ध जात नाही, चक्करही नाही, कुणी मागून ढकलावं तसा माणूस सरळ आडवा होतो. दादा फळ्याजवळ आडवा झाला, उठला, फळा धरून दोन पावलं तिरका चालला, आणि हॉल हसला. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं. संध्याकाळपर्यंत लातूरभर झालं, सर पिऊन आले होते.

मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसून गेले. "दादा, सांग ना सगळ्यांना! डॉक्टरांचे कागद दाखव. लाज कसली आहे त्यात?"

तो शांतपणे पेपराची घडी घालत म्हणाला, "चक्कर येणाऱ्या मास्तराकडं कोण पोरं पाठवील? पिणाऱ्याकडं पाठवतील. निकाल चांगला लागतोय तोवर पिणं कुणाला खुपत न्हाई."

"आणि वहिनीनं बायकांत कसं वावरायचं?"

त्यानं पेपराची आणखी एक घडी घातली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आत गेली. ती ऐकत होती. त्याचा हिशेब खरा ठरला, हे सगळ्यात वाईट. त्या पडण्यानंतर दोन वर्षं क्लासनं त्याला ठेवलं. मालक आडून आडून एवढंच म्हणायचे, "सर, जरा सकाळच्या बॅचला सांभाळून." त्यांच्या लेखी सकाळच्या बॅचपुरतं शुद्धीत असणं पुरेसं होतं!

त्यानं तोंड उघडलं ते एकदाच, रेवतीच्या लग्नाच्या वेळी. उदगीरचं स्थळ होतं, मुलगा चांगला, रेवतीच्या मनातही बसलेला. बैठक सुरू असताना मुलाच्या मामांनी घसा खाकरून विषय काढला, कानावर आलंय म्हणून. दादा उठला, आत जाऊन सगळे कागद घेऊन आला आणि वर्गात शिकवावं तसं त्यानं त्यांना समजावलं. तीन नळ्या, पाणी, दाब, सगळं. इतक्या वर्षांनी मला वाटलं, चला, सुटला एकदाचा. सगळं ऐकून मुलाच्या आईनं विचारलं, "हे मुलीलाही होतंय का पुढं?" दादा खोटं बोलणारा नव्हता. क्वचित घराण्यात उतरतं, बहुतेक वेळा नाही, असं त्यानं सांगितलं. आठवड्यानं त्यांचा नकार आला. दारूबद्दल ते कदाचित गप्प बसले असते... रेवती आमच्याशी काही बोलली नाही. महिनाभर बापाशीही बोलली नाही. आता ती पुण्यात आहे, संसार नीट आहे, नवरा भला आहे. पण त्या दिवशी दादाचा जो चेहरा झाला, तो मी विसरायचा प्रयत्न करते आणि जमत नाही. त्यानंतर त्यानं कागद कुणाला दाखवले नाहीत. डावीकडं बसून कुणी काही बोललं की म्हणायचा, "लातूरची माणसं सज्जन. माझ्या डाव्या बाजूनंच बोलतात."

पुढं दुसऱ्यांदा पडल्यावर क्लास सुटला. आणि मग गंमत बघा, आजारच थांबला. डावा कान पुरता गेला आणि त्याच्याबरोबर चक्करही गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हळूहळू जळून विझतो हा आजार. शेवटची काही वर्षं दादा सरळ रेषेत चालत होता. घरी चार पोरं शिकायला यायची, त्यांच्यासाठी त्यानं जुन्या बाजारातून फिरतं स्टूल आणलं होतं. पण आजार विझला म्हणून बोलणं विझलं नाही. "सरांनी सोडली म्हणतात," एवढाच त्यात फरक पडला.

आमची शेवटची भेट नांदेडला, माझ्या घरी. आम्ही जेवत होतो, आणि जमिनीखालून गुरगुरल्यासारखं झालं, ताटं हलली. आमच्याकडं हल्ली असे बारीक धक्के बसतात. मी आणि वहिनी धावत अंगणात. मागं बघते तर दादा ताटावर तसाच बसलेला, एका हातानं पाट धरून, डोळे मिटून, झटका जायची वाट बघत. वहिनी आत पळाली आणि त्याला दंडाला धरून ओढत बाहेर घेऊन आली. सगळी गल्ली रस्त्यावर होती. दादानं एकेकाकडं बघितलं आणि मला विचारलं, "तुम्हालाबी हललं?"

"हो रे बाबा, सगळ्यांना हललं!"

"सगळ्यांना?" असं म्हणून तो इतका मोकळा हसला की शेजारच्या पोरी त्याच्याकडं बघायला लागल्या. लोक घाबरून उभे, आणि हा खरकट्या हातानं हसतोय. त्या पोरींच्या घरीही तेव्हा काय बोलले असतील, देव जाणे.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनीला काही दिवस इकडं घेऊन आले. ती आली आणि माझ्या उजव्या हाताला बसली. जेवताना, देवळात जाताना, ओट्याशी भाजी निवडताना, मी कुठंही असले तरी वळसा घालून ती उजवीकडं येते. बोलताना समोरच्याकडं तोंड करते, एकेक शब्द सुटा करते, आणि मोठ्यानं, भांडल्यासारखी बोलते. परवा शेजारीण विचारून गेली, तुमचं नणंद-भावजयीचं काही बिनसलंय का. मी म्हटलं, "वहिनी, मला ऐकू येतं गं." ती ओशाळली. "हाव, विसरलेच," असं हळू म्हणाली. मग चहाचं आधण ठेवून, माझ्याकडं पूर्ण वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "साखर... किती... घालू?"