पान भरायला लिहिलेला ओढा

नगरपालिकेच्या उद्यान खात्यात टायपिस्टबाईंना सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी टाईप केलेली झाडं मोजली असती, तर ती शहरातल्या झाडांपेक्षा नक्कीच जास्त भरली असती. 'सदर वृक्ष', 'उक्त वृक्ष', 'वरील तक्त्यात नमूद वृक्ष'. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या टेबलाजवळची खिडकी शेजारच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडायची. घरी यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, तेही रविवारी उघडं. घड्याळ बंद पडलंय हे लोकांना सुट्टीच्या दिवशीच कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि सहल म्हणजे घरून जेवण न्यायचं आणि मुंग्यांना वाढायचं, यापलीकडे बाईंचं सहलीविषयी काही मत नव्हतं.

अशा या बाईंवर 'शहरातली आणि आसपासची बारा रम्य सहलस्थळं' ही पुस्तिका तयार करायचं काम आलं. पुस्तिकेचं मुखपृष्ठ आधीच छापून आलं होतं, कारण त्यावर खात्याच्या साहेबांचा फोटो होता. आतला मजकूर बाईंनी जुन्या फायलींमधून गोळा केला. तळं, दोन बागा, नदीचं वळण, टेकडीवरचा पडका बुरूज असं करत अकरा ठिकाणं जमली. बारावा होता धबधबा. मजकूर छापखान्यात जायच्या दिवशी दुपारी शिपाई धबधब्याकडून परत आला आणि म्हणाला, "बाई, धबधब्यावर गोदाम झालंय. पाणी बहुतेक आत पडत असेल."

बाई साहेबांकडे धावल्या.

"मुखपृष्ठावर किती लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"बारा."

"मग आत किती हवीत?"

"बारा."

"झालं तर मग," असं म्हणून साहेब मीटिंगला निघून गेले.

छापखान्याचा माणूस समोर स्टुलावर पाय हलवत बसला होता. बाईंना एकही जागा सुचेना, आणि मग सुचली ती जुन्या पाण्याच्या टाकीमागची टेकडी. ऑफिसला येताना सिग्नल लाल असेपर्यंत ती त्यांना बसच्या उजव्या खिडकीतून दिसायची. तीन झाडं आणि एक उतार. बाईंनी मशीनवर कागद चढवला. तीन झाडांची गर्द वनराई झाली, उताराची मऊशार हिरवळ झाली. कागद हातात घेऊन छापखान्यातला माणूस म्हणाला, "अजून दोन ओळी टाका, पान रिकामं दिसतंय."

बाईंनी टाकल्या. 'पायथ्याशी झुळझुळ वाहणारा ओढा आहे. त्याच्या गार पाण्यात पाय सोडून बसण्याचा आनंद काही औरच.'

तीन आठवड्यांनी पत्रं यायला लागली. खात्याचं टपाल बाईच फोडत, हे नशीब. पहिलं पत्र एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. 'आम्ही सहकुटुंब गेलो होतो. ओढा आढळला नाही. सोबत पोचपावतीसाठी तिकीट लावलेला लिफाफा जोडला आहे.' बाईंनी ते ड्रॉवरच्या तळाशी सरकवलं. दुसरं एका आईचं होतं. 'आमची तिन्ही मुलं घरी दहा मिनिटं भांडल्याशिवाय राहत नाहीत. परवा ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकजुटीनं ओढा शोधत होती. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. तरी ओढा नेमका कुठे आहे, ते कृपया कळवू नये.'

हे पत्र वाचून बाईंच्या जिवात जीव आला, पण तो दोनच दिवस टिकला. साहेबांनी बोलावून सांगितलं, "बाई, रविवारी खात्याची सहल टाकीमागे. पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर साहेबांनाही बोलावलंय. आमच्या मिसेसनी पुस्तिका वाचलीय. त्यांना ओढ्यात पाय सोडून बसायचंय."

संध्याकाळी बाईंनी सगळं यजमानांना सांगितलं. ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकावत होते. भिंग न काढताच ते म्हणाले, "म्हणजे तू सरकारी कागदावर नदी सोडलीस?"

"नदी नाही हो! ओढा. लहानसा."

"मग उद्या बघून येऊ, केवढासा आहे तो."

शनिवारी दोघं टेकडीवर पोचले, तर तिथे निम्मी आळी लोटलेली. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक बँकवाला झुडपात काठी घालून बघत होता. घडीच्या खुर्चीवर बसलेल्या एक आजी सगळ्यांना ठणकावून सांगत होत्या, "आहे म्हणजे आहे! अहो, मी स्वतः इथे कपडे धुतलेत." आजींच्या आवाजात इतकी खात्री होती, की क्षणभर बाईंनाही वाटलं, असेलच बहुतेक.

यजमान मात्र मान तिरकी करून उभे होते. आयुष्यभर घड्याळाला कान लावून बसलेला माणूस तो. "गप्प," ते म्हणाले. "ऐक."

"काय?"

"टिप. टिप. थोडा पुढे पळतोय, पण चालू आहे."

ते थेट टाकीच्या मागच्या काटेरी झुडपात शिरले. आत गंजलेला जाडजूड पाइप होता. त्याच्या सांध्यातून पाणी निथळत होतं आणि दगडांच्या फटीत गडप होत होतं. बँकवाल्यानं आरोळी ठोकली. मग काय विचारता! कुणी डब्याच्या झाकणानं माती उकरली, कुणी दगड हलवले, मुलांनी हातांनी चर काढला. वर बाई आणि खाली यजमान, दोघं गुडघाभर चिखलात. तासाभरात बोटभर जाडीची धार खळखळत थेट पायथ्यापर्यंत आली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सांगत नव्हते मी?" आजी म्हणाल्या.

रविवारी साहेबांच्या मिसेसनी चपला काढून त्या धारेत पाय सोडले. पाणी घोट्यालाही पुरत नव्हतं, तरी त्यांचा चेहरा खुलला. साहेबांनी तीन फोटो काढले. बाईंनी सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला आणि उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. तेवढ्यात इंजिनियर साहेबांनी पाण्यात बोट बुडवून नाकाशी नेलं.

"याला जंतुनाशकाचा वास येतोय," ते म्हणाले. "हा ओढा नाही. ही गळती आहे. हे आमचं पाणी आहे."

"टाकीत होतं तोवर तुमचं," साहेब म्हणाले. "हिरवळीवर आलं की उद्यान खात्याचं."

"अहो, वरच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही! चार महिने माझी माणसं हीच गळती शोधतायत!"

"आमच्या पुस्तिकेत छापलंय ओढा म्हणून!"

"कुणी लिहिलं ते?"

दोघंही बाईंकडे वळले. बाईंच्या हातात अर्धवट सोललेलं अंडं होतं. खोटं बोलायचं म्हटलं असतं, तर शब्द तयार होते. सव्वीस वर्षांची खात्याची भाषा जिभेवर होती. पण सकाळपासून त्या धारेवर नजर ठेवून त्या इतक्या दमल्या होत्या, की खरंच बोलून गेल्या.

"मी लिहिलं. ओढा नव्हताच इथे. पानाला दोन ओळी कमी पडत होत्या."

मग साहेबांच्या मिसेसना हसू फुटलं, आणि ते थांबेचना. पायांनी पाणी उडवत त्या म्हणाल्या, "बाई, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हे मला पहिल्यांदा कुठे घेऊन आले असतील, तर तुमच्या त्या दोन ओळींमुळे!" त्यानंतर साहेबांना रागवायला जागाच उरली नाही. इंजिनियर साहेबही नरमले आणि यजमानांना विचारू लागले, की कानानं गळती कशी ओळखायची. यजमानांनी त्यांना पाइपाला कान लावून बसवलं आणि पुढचा पाऊण तास शिकवणी घेतली.

गुरुवारी पाइप दुरुस्त झाला आणि ओढा आटला. वरच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं. टेकडीवर लोक येतच राहिले. ओढा आणखी कुठेतरी असणार, ही आजींची खात्री सगळ्यांना पटली होती.

बाईंना मात्र शिक्षा झाली. दुसऱ्या आवृत्तीसाठी बाराही ठिकाणी स्वतः जायचं, बघायचं, मगच लिहायचं. बसभाडं खातं देईल. बाई निघाल्या. तळ्यावर त्यांच्यामागे बदक लागलं, नदीच्या वळणावर चप्पल चिखलात राहिली, बुरुजावर वाऱ्यानं टिपणं उडवली आणि ती त्यांनी पळत जाऊन गोळा केली. घरी येऊन त्या एवढं भरभरून सांगायच्या, की यजमान भिंग काढून ऐकायला लागले.

नवा मजकूर साहेबांसमोर आला. 'नदीचं वळण : जागा चांगली. दुपारी दोननंतर ऊन तोंडावर येतं. गवत मऊ आहे, पण ओलं. खाली पुठ्ठा घ्यावा.' 'बुरूज : चढायला वीस मिनिटं, बोलत चढलं तर चाळीस.' 'पाण्याची टाकी : तीन झाडं. ओढा नाही.'

"बाई, यात 'रम्य' एकदाही नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन काढून सहा ठिकाणी स्वतः 'रम्य' घातलं.

बाईंनी पक्की प्रत करताना त्यातले पाच मुकाट्यानं गाळले. सहावा ठेवला, तळ्याचा. बदकापासून सुटका झाल्यावर त्या तिथे काठावर संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या, आणि त्या पाण्यासाठी त्यांना दुसरा शब्द सापडला नव्हता.