बाभळीच्या खोडावरचा ऑस्प्रे

हिवाळ्यात आपल्याकडे येणारा एखादा पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी दिसला, तर तो तोच पक्षी आहे, हे हौशी छायाचित्रकाराला आपल्या साध्या कॅमेऱ्याने दाखवून देता येईल का? हा प्रश्न मला स्वतःहून सुचला नाही. माझ्यावर खोटेपणाचा आरोप झाला, म्हणून तो उभा राहिला.

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि नाशिकच्या पक्षीप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप गटात सामील झाले. गटात सगळे मला बाई म्हणतात. रोज सकाळी कोणी हळदी-कुंकू बदकांची जोडी टाकतो, कोणी कमळाच्या पानावर चालणारा कमळपक्षी टाकतो, आणि मग पक्ष्याच्या नावावरून दुपारपर्यंत वाद चालतो. गटाचा एकच कडक नियम आहे: आठ दिवसांपेक्षा जुने छायाचित्र टाकायचे नाही. जुना फोटो ताजा म्हणून टाकणाऱ्याने महिनाभर स्वतःचे काही टाकायचे नाही, फक्त इतरांच्या फोटोंना दाद द्यायची. ही शिक्षा ऐकायला गमतीची वाटते, पण ज्याला ती होते त्याचा फोटो पुढे वर्षभर कोणी सरळ मनाने पाहत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेले होते. तेथे पाण्यात एक वाळलेल्या बाभळीचे खोड उभे आहे. त्यावर ऑस्प्रे बसला होता. ऑस्प्रे म्हणजे घारीएवढा, पांढऱ्या पोटाचा, केवळ माशांवर जगणारा शिकारी पक्षी. पंजाखाली मासा दाबून तो खाली वाकला होता. मी छायाचित्र घेतले आणि त्याच संध्याकाळी गटात टाकले.

दहा मिनिटांत साहेबांचा संदेश आला. साहेब म्हणजे वीज खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. गटातील सर्वांत काटेकोर नजर त्यांची.

"बाई, हा गेल्या जानेवारीतला फोटो आहे."

मी लिहिले, "नाही. आज सकाळचा आहे."

त्यांनी माझेच गेल्या वर्षीचे छायाचित्र शोधून काढले आणि दोन्ही शेजारी लावून पाठवले. "खोड तेच, बैठक तीच. आणि डोक्यावरचे ठिपके पाहा. डाव्या डोळ्यावर स्वल्पविरामासारखा डाग, त्यामागे तीन ठिपके ओळीत. दोन वेगळ्या पक्ष्यांना असे सगळे सारखे असेल का?"

"मासा वेगळा आहे," मी म्हटले.

"दिवसाला तो एकच मासा खातो का? मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तारीख दिसेल."

मी निःशंकपणे फाइल पाठवली. तिच्यात दिवस बरोबर होता, महिना बरोबर होता, वर्ष मात्र मागचे होते. जुन्या छायाचित्रापासून अवघ्या दोन दिवसांचे अंतर! निरीक्षण केले तेवढेच वहीत लिहा, एक अक्षरही पदरचे घालू नका, हे मी इतकी वर्षे मुलांना सांगत आले होते. आता माझाच शब्द खोटा ठरत होता.

मी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि कारण शोधू लागले. पावसाळ्यात दमटपणा नको म्हणून मी बॅटरी काढून कॅमेरा डब्यात बंद ठेवते. अनेक महिने तसाच राहिल्याने त्यातील घड्याळ पुसले गेले होते. बॅटरी घातल्यावर त्याने तारीख विचारली आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवसांत माझ्या बोटाने सवयीने जुने वर्ष भरले. जानेवारीत मुले वहीत हीच चूक करतात. मी तिच्याभोवती लाल गोल काढत असे.

मी गटात लिहिले, "कॅमेऱ्यातील वर्ष मी चुकीचे भरले. चूक पूर्णपणे माझी. छायाचित्र मात्र आजचेच आहे."

"एखाद्या मुलाने हे कारण सांगितले असते, तर मान्य केले असते का, बाई?" साहेबांनी विचारले.

"नसते केले. पुन्हा करून दाखव, म्हटले असते."

हे लिहिता लिहिताच मला उजेड पडला. साहेबांनी माझे अर्धे उत्तर आधीच लिहून दिले होते. दोन्ही छायाचित्रांत पक्षी एकच आहे, हे त्यांनी ठिपके दाखवून स्वतःच ठरवले होते. आता तो पक्षी आज तेथे आहे, एवढेच दाखवणे उरले होते. ते साधले, तर फक्त माझी सुटका होणार नव्हती. एकच ऑस्प्रे दोन हिवाळे एकाच खोडावर आला, हेही ठरणार होते. मात्र पुरावा माझ्या कॅमेऱ्यातून येऊन चालणार नव्हते. मी साहेबांनाच रविवारी येण्याचे आमंत्रण दिले.

रविवारी आम्ही तिघे पोहोचलो: साहेब, मी आणि गटातील एक फुलशेती करणारे भाऊ, जे पहाटे पंचवटीच्या बाजारात शेवंती उतरवून थेट आले होते. मी त्या दिवसाचे वर्तमानपत्र काढले आणि साहेबांना पहिले छायाचित्र त्याच्या तारखेचे घ्यायला सांगितले.

भाऊ हसले. "बाई, पक्षी पळवून नेला हाय का कोणी? खंडणी मागायची का?"

साडेआठपर्यंत खोड रिकामेच होते. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. काठावर जाळे आवरणाऱ्या कोळीदादांना भाऊंनी विचारले, "दादा, या खोडावर मोठा पक्षी बसतो का?"

"तो व्हय? येतो की. आमच्या आधी मासा त्यालाच घावतो. लय माजोरा हाय."

नऊच्या सुमारास तो आला. पंजात चमकता मासा होता. खोडावर बसून त्याने चारी दिशांना पाहिले. साहेबांनी धडाधड छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवले. "ताठ बसला असताना डोक्याचा वरचा भाग दिसत नाही. मासा फाडायला वाकेल तेव्हा घ्या."

तो वाकला. साहेबांनी लगेच छायाचित्र घेतले.

चहाच्या टपरीवर आम्ही साहेबांच्या कॅमेऱ्याचा पडदा आणि माझे गेल्या वर्षीचे छायाचित्र शेजारी ठेवले. नकाशा वाचताना करतो तसे डोक्याचे मनातल्या मनात चार भाग करून एकेक भाग पाहायला मी साहेबांना सांगितले. मी बोट लावले नाही. साहेब मोठ्याने मोजत होते.

"स्वल्पविराम... आहे. मागचे तीन... एक, दोन, हा तिसरा. उजवीकडचा जोडठिपका... थांबा... आहे." त्यांनी चष्मा काढला. "बाई, हा तोच आहे हो!"

"मग पाहुणा कसला?" भाऊ म्हणाले. "आपल्या गावचाच म्हणायचा. घरपट्टी लावा त्याला."

साहेबांनी तेथेच वर्तमानपत्राच्या छायाचित्रासह सर्व काही गटात टाकले आणि खाली लिहिले: "बाईंचा फोटो ताजा आहे. जुना आहे तो पक्षी. खोटा आरोप केल्याबद्दल महिनाभराची शिक्षा मी घेतो." तासाभर गटात नुसता जल्लोष चालला. शिक्षा मात्र कोणी मान्य केली नाही. एकाने लिहिले, "साहेब महिनाभर गप्प बसले, तर आमच्या चुका कोण काढणार?"

त्या दिवशी घरी परतताना मी अगदी ताठ मानेने रिक्षात बसले होते. शाळेतील कोणत्याही निकालाने मला इतका आनंद दिला नव्हता, कारण उत्तर माझे असले तरी ते तपासले होते माझ्यावर शंका घेणाऱ्याने.

निष्कर्ष मात्र मी मोजकाच लिहिते. एक पक्षी, दोन हिवाळे, एक खोड. डोक्यावरची पिसे गळतात आणि नवी येतात. तरीही या पक्ष्याच्या ठिपक्यांची मांडणी ओळखण्याइतकी टिकली. सर्व ऑस्प्रे असेच परततात, असे यावरून म्हणता येणार नाही.

दोन्ही छायाचित्रे पुढील पानावर दिली आहेत. माझ्या शब्दावर विसंबू नये. कृपया ठिपके स्वतः मोजून पाहावेत, आणि एकही जुळत नसेल तर मला अवश्य कळवावे.