शांपूचा वास आणि हौशीरामचं खाचर

आमच्या शेजारचा हौशीराम म्हणजे कान्हे गावाच्या पंचक्रोशीतला एकमेव शास्त्रज्ञ. पदवी नाही, पण आत्मविश्वास मात्र चार विद्यापीठांचा. पोटासाठी तो डोंगराच्या पायथ्याला एका बंगल्यावर केअरटेकर आहे. शनिवार-रविवार शहरी पाहुणे, सोमवारी त्यांचं उरलंसुरलं आवरायचं आणि बाकीचे दिवस चिंतन.

बंगला उभा आहे तो त्यानेच विकलेल्या जमिनीवर. मागे उरलं एक भाताचं खाचर. त्यातला वासाचा इंद्रायणी तांदूळ म्हणजे त्याच्या आईचा, येसूबाईचा, जीव की प्राण. म्हातारीने जन्मात विकतचा तांदूळ खाल्ला नाही आणि मरेपर्यंत खाणार नाही, हे ती न विचारताही सांगायची.

यंदा दाणा भरायला लागला आणि रानडुकरं उतरली. आमच्याकडे यावर उपाय ठरलेला आहे. सलूनमधले कापलेले केस आणायचे आणि बांधावर पसरायचे. डुक्कर विचार करतं ते नाकाने. माणसाचा वास येऊनही जी थांबली ती कढईत गेली, जी पळाली त्यांचीच पिल्लं जगली. अशी कित्येक पिढ्यांची अक्कल त्या नाकात साठलेली असते. मी आपले गावातल्या याह्याच्या सलूनमधून पोतंभर केस आणून त्याच्या खाचराला लागून असलेल्या माझ्या खाचराच्या बांधावर पसरले.

एवढं सोपं शास्त्रज्ञाला कसं पटावं?

"भाऊ, याह्याकडचं केस म्हंजी आपलंच की," हौशीराम म्हणाला. "डुकरं आपल्याला रोज हुंगत्यात. भ्याव परक्याचं वाटतं. शहरातल्या मान्साचा वास पायजे!"

आणि हा गृहस्थ लोणावळ्यातल्या एका एसी सलूनवाल्याच्या हातापाया पडून केस घेऊन आला. मऊ, रंगवलेले, शांपूने घमघमणारे. ते बांधावर असे पसरले, जणू लग्नात अत्तर शिंपडतोय.

दुसऱ्याच सकाळी त्याचं खाचर आडवं झालेलं. एका बांधापलीकडे माझं भात जसंच्या तसं उभं. पायांचे ठसे सांगत होते, कळप माझ्या बांधापासून मागे वळला आणि हौशीरामचे केस हुंगत थेट आत शिरला.

"डुकरं बिघडल्यात," शास्त्रज्ञाने निदान केलं.

येसूबाई लोळवलेल्या भातात मटकन बसली. तिने चिमूटभर केस उचलून नाकाशी धरले.

"हौशा, ह्यो तर तुज्या बंगल्याचा वास. तू घरी आनतोस त्या शांपूच्या अर्ध्या बाटल्यांचा. पाव्हन्यांचं उष्टं कुटं टाकतोस रं?"

"वढ्याला. बिर्यानी, पनीर, शांपूच्या रिकाम्या बाटल्या, समदं एकाच पिशवीत."

"कवापास्नं?"

"बंगला झाल्यापास्नं."

"मंग डुकरांचं काय चुकलं? तूच जेवायला बोलीवलंस, ती आली."

पिढ्यान्‌पिढ्यांनी शिकवलेलं भय या एकट्या पठ्ठ्याने बिर्याणी घालून पुसलं होतं. ओढ्यावर भित्री डुकरीण उपाशी राहिली, धीट होती तिची पिल्लं गुबगुबीत झाली. वास तोच, अर्थ नवा: पंगत मांडली आहे, या. मला हसू फुटत होतं, पण म्हातारीचा चेहरा बघितला आणि वाईट वाटलं.

मी माझ्या खाचरातला तांदूळ देऊ केला. पण शेजाऱ्याकडून घेतला तर शास्त्राची लाज जाते! दिवाळीला त्याने दुकानातून आणला आणि मला जेवायला बसवून आईच्या ताटात वाढला.

"आपलाच हाय, आये. बांधाकडचा थोडा वाचला व्हता."

भाताची वाफ आली. इंद्रायणीचा वास कुठेच नव्हता. येसूबाईने घास उचलला, नाकाजवळ क्षणभर थांबवला. हौशीराम मान खाली घालून मीठ चाचपत राहिला.

"लय ग्वाड हाय," ती म्हणाली.

डुक्कर असतं तर नाकाचं ऐकून ताट सोडून गेलं असतं. येसूबाईने आणखी भात वाढून घेतला.