मामांचं कुलूप

वसमतच्या बाजूला असलेल्या एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी कारकून म्हणून लागले, तेव्हा सुरक्षितता म्हणजे गेटवरची पाटी, एवढंच मला ठाऊक होतं. पाटीवर हेल्मेट घातलेल्या माणसाचं चित्र होतं. खरी हेल्मेटं माझ्या कपाटात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. बाहेरून कुणी पाहुणे आले की ती निघायची आणि पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली की परत पिशवीत जायची.

मला त्यात काही वावगंही वाटायचं नाही. माझे वडील सीझनला हळद शिजवण्याच्या कढईवर कामाला जायचे. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वाफेनं भाजल्याचे डाग होते. आमच्या घरात त्या डागांबद्दल कुणी कधी बोललं नाही. काम म्हटलं की अंगाला लागायचंच, असं धरूनच आम्ही मोठे झालो.

मिल हाऊसमध्ये, म्हणजे ऊस पिळतात तिथं, एक जुने फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मिलच्या गिअरमध्ये गेली होती. कामावर कुणी नवीन आलं की तो हात पुढं करून म्हणायचे, "हा कारखान्याचा प्रसाद हाय. सगळ्यालाच मिळत न्हाई." लोक हसायचे. मीही हसायची.

मग आमच्याकडे नवे सेफ्टी ऑफिसर आले. हिंगोलीचे. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या देवळाची पूजा, हे मात्र इंजिनियर झालेले. अंगानं किडकिडीत, आवाज इतका हळू की मशिनजवळ ते बोलले तर कान पुढं करावा लागायचा. आता भाषणं ऐकावी लागणार म्हणून सगळे तयारीत होते. साहेबांनी भाषण केलंच नाही. वही घेऊन ते कारखानाभर हिंडायचे आणि ज्याला त्याला एकच विचारायचे, "इथं तुम्हाला भीती कशाची वाटते?"

मामांनी पहिल्या दिवशी उडवून लावलं. "भेव? भेव वाटणारा माणूस मिल हाऊसमधी येतच न्हाई, साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी मामा वैतागले. "ती पायरी! ऊस वाहून नेणाऱ्या कॅरियरवर चढायची. रस सांडून सांडून गुळगुळीत झाली. रोज चढताना देव आठवतो. झालं समाधान?"

साहेबांनी लिहून घेतलं. चौथ्या दिवशी दुपारच्या आत तिथं खरबरीत पत्र्याची नवी पायरी बसली होती, शेजारी धरायला पाइपही. मामा माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, "इतकी वर्षं चढून राहिलो मी तिच्यावर. कुणी इचारलंच न्हाई."

त्या पायरीची बातमी कारखानाभर झाली. साहेबांना आता विचारावं लागेना, लोकच हाका मारू लागले. कुणाला उघडी वायर दिसायची, कुणाला बॉयलरजवळचा सैल झालेला कठडा. एकानं तर आपल्याच हातून जड साखळी वरून निसटली होती, माणूस थोडक्यात वाचला, हे स्वतः येऊन सांगितलं. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कसं झालं ते सगळं विचारून घेतलं. तो माणूस बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. शिव्या खायच्या तयारीनं तो आत गेला होता.

त्याच सुमारास लाल कुलपं आली. ती वाटायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक फिटरला त्याचं नाव घातलेलं एक कुलूप, एकच चावी, दुसरी चावी कुणाकडेच नाही. मशिनमध्ये उतरायचं असलं की आधी विजेच्या पॅनेलवर ती बंद करायची आणि आपलं कुलूप लावून चावी जवळ ठेवायची. साहेब म्हणाले, "तुम्ही आत असताना बाहेरून कुणालाच बटण दाबता येणार नाही. तुमचा जीव तुमच्याच खिशात."

मामांनी खिसा नाकारला. त्यांनी चावी करदोट्याला बांधली.

मग गाळप ऐन भरात असतानाचा तो दिवस आला. साहेब तीन दिवस रजेवर होते. हिंगोलीत त्यांच्या वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी अकराच्या सुमाराला उसाबरोबर लोखंडाचा एक तुकडा आला आणि कॅरियरची पट्टी वाकली. कॅरियर थांबला तशी मिलही थांबली. मामांनी पॅनेलला कुलूप घातलं आणि खाली उतरले. बारा वाजता पाळी बदलली. सकाळचे लोक घरी गेले, दुपारचे आले. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत लागली होती.

साडेबाराला प्रॉडक्शनचे मॅनेजर माझ्या खिडकीशी आले. बरोबर नव्या पाळीतले दोन मिस्त्री होते.

"पट्टी बसवून झालीय, पण कुलूप तसंच लटकतंय," ते म्हणाले. "म्हातारा काढायचं विसरून घरी गेला. कटर द्या, तोडून टाकू."

मॅनेजरसाहेबांना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. कटर माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. माझा हात ड्रॉवरच्या मुठीला लागलासुद्धा. तेवढ्यात माझं लक्ष खिडकीच्या कट्ट्याकडे गेलं. तिथं मामांचा जेवणाचा डबा होता. सकाळी येताना ते तो माझ्याकडे ठेवायचे, आणि पाळी सुटली की स्टोअरच्या सावलीत बसून जेवूनच घरी जायचे.

"साहेब, मामा घरी गेले नाहीत. त्यांचा डबा इथंच हाय."

"विसरला असेल डबा! बाहेर रांग बघितली का किती झालीय?"

"विसरले असतील. पण आधी बघून या. मामा दिसल्याबिगर मी कटर देणार न्हाई."

माझाच आवाज मला ओळखू येईना. मॅनेजरसाहेबांचा चेहरा लाल झाला. "मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हटलं.

तेव्हा दोघांतला एक मिस्त्री खाली बघत म्हणाला, "ताई बराबर बोलून राहिल्या, साहेब. मी पाहून येतो." आणि तो पळत सुटला. त्याच्या त्या एका वाक्यानं मला किती बळ आलं, ते मी त्याला अजून नीट सांगितलेलं नाही. ड्रॉवरला किल्ली लावून मीही मागं धावले.

बॉयलरच्या वाफेच्या आवाजानं तिथं काही ऐकू येत नव्हतं. मिस्त्रीनं कॅरियरखालच्या खड्ड्यात डोकं घालून हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग खाली, साखळीच्या पलीकडे, बॅटरीचा उजेड हलला. दोन पट्ट्यांच्या मधून मामा सरपटत वर आले. केसांत, भुवयांत उसाचा भुसा. वाकलेली पट्टी त्यांनी केव्हाच बसवली होती. शेजारच्या पट्टीचा बोल्ट तडकलेला दिसला, म्हणून ते आणखी आत शिरले होते.

"काय झालं? काहून ओरडून राहिले?"

मॅनेजरसाहेब आमच्या मागं येऊन उभे होते. त्यांनी पॅनेलवरच्या कुलपाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि ते तिथंच लोखंडी पायरीवर बसले. त्यांनी पाणी मागितलं. मामांना अजून काही कळलं नव्हतं. ते काळजीनं मला म्हणाले, "साहेबाला चक्कर आली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी गेटवर जमली, तेव्हा मॅनेजरसाहेब समोर आले. "काल मी कुलूप तोडायला निघालो होतो," ते म्हणाले. "मामा आत होते. स्टोअरच्या ताईंनी मला कटर दिला नाही. दिला असता, तर आज मला तुमच्यासमोर उभं राहता आलं नसतं." एवढंच बोलून ते ऑफिसात गेले. मोठ्या हुद्द्याच्या माणसानं आपली चूक अशी चारचौघांत, काही न लपवता सांगितलेली मी तोवर पाहिली नव्हती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जो आदर आहे, तो त्या गेटवरचा आहे.

सेफ्टीवाले साहेब परत आले. चूक कुणाची, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. सगळ्यांना बसवून विचारलं, "ही चूक इतकी सोपी कशी झाली?" तेव्हा निघालं, की आत कोण आहे हे जाणाऱ्या पाळीनं येणाऱ्या पाळीला सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून दोन्ही पाळ्यांचे फोरमन पॅनेलसमोर एकत्र उभे राहतात, एकेका कुलपावरचं नाव वाचतात आणि तो माणूस डोळ्यांनी बघतात.

सगळे माझं कौतुक करत होते आणि मला ते टोचत होतं. शेवटी मी साहेबांकडे गेले. "साहेब, माझा हात ड्रॉवरला लागला होता. डबा दिसला नसता तर मी कटर दिला असता."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. म्हणजे आपलं काम डब्याच्या भरवशावर चाललं होतं."

दुसऱ्याच दिवशी कटर माझ्या ड्रॉवरमधून हलला. आता तो पेटीत असतो. कुलूपवाल्या माणसाला समोर पाहिलं, असं दोघांनी लिहून सही केल्याशिवाय ती पेटी उघडत नाही.

साहेब आता दुसऱ्या कारखान्यात आहेत. मामा निवृत्त झाले. गेल्या सीझनला मी साखरेच्या गोण्या शिवायचा दोरा द्यायला गोदामात गेले होते. तिथं एक बाई नुकतीच कामाला लागली होती, तिसराच दिवस तिचा. गोण्या वाहणाऱ्या पट्ट्यावरची जाळी तिला सैल दिसली आणि तिनं थांबवायची दोरी ओढली. सगळा पट्टा जागच्या जागी थांबला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती घाबरून दोरी तशीच धरून उभी.

तेच मॅनेजरसाहेब आले. "काय झालं, ताई?"

"पदर आत गेला असता साहेब, म्हणून ओढली."

मॅनेजरसाहेबांनी वाकून जाळी पाहिली आणि फिटरला बोलावलं. "बरोबर केलंत," ते तिला म्हणाले, आणि जाळी बसेपर्यंत तिथंच उभे राहिले. काम झाल्यावर फिटर बटणाकडे निघाला, तसं साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि त्या बाईला विचारलं, "बघा बरं, आता नीट आहे का?"

तिनं पदर खोचला, जाळी हलवून पाहिली, आणि मगच व्हय म्हणाली.