नोंदी कोण पुसतंय?

आत्याचा माणसांवर विश्वास कमी, आणि कुलपांवर त्याहून कमी. जनावरांच्या दवाखान्यात ती एकवीस वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसली. कुठल्या कुत्र्याला कुठली लस कधी टोचली, सगळं तिच्या टपोऱ्या अक्षरात.

डॉक्टरीणबाईंनी वह्या बंद करायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा. दवाखाना लहान, म्हणून मी हलकासा डेटाबेस घेतला, अख्खा एका फाइलीत मावणारा, आणि तो खिडकीवरच्याच संगणकातल्या वेब सर्व्हरला जोडला. आत्याने नोंद केली की तपासणीच्या खोलीत बाईंना ती ब्राउझरमध्ये दिसणार.

"सगळं एकाच फाइलीत? कुणी उचलून नेली की संपलं," आत्या म्हणाली.

"कोण नेणार आहे?"

"तेच बघायचंय."

तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी पडदा कोरा. एकही जुनी नोंद नाही. आत्याने कपाळाला हात लावून दिवसभर नव्या नोंदी केल्या. बुधवारी जुनं सगळं जागच्या जागी, फक्त मंगळवार गायब! पुढच्या आठवड्यात पुन्हा दोनदा जुनं सगळं गायब, आणि पडद्यावर फक्त असे हरवलेले दिवस.

आत्याला कंपाउंडरचा संशय आला. त्याच्या भावजयीला खिडकीवरची नोकरी हवी होती, अर्जही आला होता. आत्याने गुपचूप एका वहीत लिहायला सुरुवात केली: आज संगणक कुणी चालू केला.

आठवडाभरात आणखी दोनदा तसं झालं, आणि मग एक गृहस्थ धापा टाकत आले. त्यांचा कुत्रा शेजाऱ्याला चावला होता. लस गेल्या मंगळवारी टोचलेली, पण दाखला द्यायला आजच्या पडद्यावर ती नोंदच नव्हती. आत्याचा तोल सुटला.

"पुसा, अजून पुसा!" ती सगळ्यांसमोर कंपाउंडरवर ओरडली.

तो पांढराफटक पडला. "मी? मला तर वाटत होतं तुम्हीच पुसताय. तुम्हाला वह्या परत हव्यात म्हणून."

मला बोलावलं गेलं. आत्याने वही पुढ्यात आपटली. "बघ. तो लवकर येऊन चालू करतो, त्याच दिवशी नोंदी जातात."

खरंच तसं होतं. मी कंपाउंडरला म्हटलं, "कसं चालू करता, दाखवा." त्याने पडद्यावर स्वतः करून ठेवलेलं चिन्ह दाबलं. प्रोग्राममध्ये मी फाइलीचं नुसतं नाव लिहिलं होतं, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पूर्ण पत्ता नाही; त्यामुळे सर्व्हर जिथून सुरू होईल तिथेच ती शोधली जायची. त्याच्या चिन्हावरून सर्व्हर दुसऱ्याच फोल्डरमधून सुरू व्हायचा. तिथे फाइल नाही म्हटल्यावर डेटाबेस हूं की चूं न करता नवी कोरी फाइल बनवायचा. शोधल्यावर एकाच नावाच्या दोन फाइली सापडल्या. दुसरीत सगळे हरवलेले दिवस होते, तो कुत्राही.

दाखला निघाला. मी दोन्हीकडच्या नोंदी एकत्र केल्या, पूर्ण पत्ता लिहिला, आणि फाइल सापडली नाही तर सर्व्हर सुरूच होणार नाही अशी सोय केली.

"चूक माझी होती, आत्या."

आत्या उठून औषधांच्या खोलीत गेली. "तुमच्यावर उगाच आळ घेतला," ती कंपाउंडरला म्हणाली.

"मीही घेतलाच होता. फक्त मनात."

माझ्याशी मात्र ती दोन महिने कामापुरतंच बोलली. आजही मी काही बदललं की ती मला आणि कंपाउंडरला समोर उभं करते आणि म्हणते, "आधी यांच्या हातून चालू करून दाखव, मग माझ्या."