नारायण पेठेचं सर्टिफिकेट

“ज्या कोणी हे केलंय, त्याला पुन्हा कीबोर्डला हात लावू देता कामा नये,” मी म्हणालो.

मंगळवारची सकाळ, हिंजवडीतलं आमचं ऑफिस. पडद्यावर एका सहकारी बँकेनं पाठवलेला रिपोर्ट, आणि त्यात एक ओळ लाल: आपल्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट दुबळं आहे. या धंद्यात पंचवीस वर्षं काढली की माणसाला एक खास आवाज फुटतो. तो मी त्या वाक्याला लावला होता. माझा बॉस रणजित गंभीरपणे मान डोलवत होता.

टेस्टिंग बघणारी मृणाल तोवर ते सर्टिफिकेट उघडून बसली होती. “सर, कोणी बनवलं त्याची माहिती आतच असते. वाचू?”

“वाच की. कळू दे सगळ्यांना.”

“देश, इंडिया. राज्य, महाराष्ट्र. डिपार्टमेंटच्या जागी ‘तात्पुरतं’ असं लिहिलंय. आणि गाव...” ती जरा थांबली. “गावाच्या जागी नारायण पेठ आहे, सर.”

टीममध्ये आम्ही अकरा जण. कोणी वाकडला राहतो, कोणी बाणेरला, दोघं मूळचे नागपूरचे, एक इंदूरचा. नारायण पेठेत राहणारा एकच. सगळे त्या एकाकडे बघायला लागले. मीही एकदा मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

रणजित माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. एरवी मला ‘काका’ म्हणतो. त्या दिवशी तो “आगाशे सर,” असं म्हणाला, आणि मी समजलो की प्रकरण गंभीर आहे.

आता हे दुबळं सर्टिफिकेट म्हणजे काय, ते सांगतो. आमचं सॉफ्टवेअर डेटाबेसवर पहारा ठेवतं. डेटाबेस म्हणजे बँकेची तिजोरीच, फक्त आकड्यांची. प्रत्येक डेटाबेसपाशी आमचा एक छोटा प्रोग्रॅम बसतो, त्याला आम्ही एजंट म्हणतो. कोणी नको तिथे डोकावलं की एजंट मुख्य सर्व्हरला कळवतो. पण आपण ज्याला कळवतोय तो खराच मुख्य सर्व्हर आहे, की कोणी तोतया, हे त्याला कसं कळणार? त्यासाठी मुख्य सर्व्हरपाशी एक ओळखपत्र असतं. तेच सर्टिफिकेट.

मी ते बनवलं तेव्हा घाईत बनवलं. त्यामागची गुप्त किल्ली १०२४ बिटची, म्हणजे आजच्या हिशेबानं सुटकेसच्या कुलपाएवढी मजबूत. वरचा शिक्का जुन्या पद्धतीचा, जो आता खोटा पाडता येतो. डेमोपुरतं चालेल, म्हणून मी ते इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकलं. कॉम्प्युटरनं गाव विचारलं, मी पोस्टमन विचारतोय अशा थाटात उत्तर दिलं. डेमो झाला, प्रॉडक्ट विकलं गेलं, आणि तो इन्स्टॉलर जिथे जिथे गेला तिथे तिथे तेच ओळखपत्र आणि तीच किल्ली गेली. परदेशातल्या दोन बँका आणि एक विमा कंपनी इतकी वर्षं निव्वळ नारायण पेठेवर विश्वास ठेवून होती. पेठेतल्या लोकांना हे कळलं असतं तर त्यांनी आश्चर्य दाखवलं नसतं.

रिपोर्ट पाठवणाऱ्या बँकेच्या सुरक्षा अधिकारी म्हणजे तावरे मॅडम. बँकेचं मुख्य कार्यालय मंडईजवळ, माझ्या घरापासून पंधरा मिनिटं चालत. मी मात्र दीड तास कंपनीच्या बसमध्ये बसून हिंजवडीला जायचो आणि तिथून त्यांच्या सर्व्हरला कनेक्ट व्हायचो. याला आम्ही रिमोट सपोर्ट म्हणतो.

त्यांचा फोन आला. “आगाशे, पुढच्या सोमवारी आमच्याकडे तपासणी आहे. ‘सर्व त्रुटी तपासल्या, वस्तुस्थिती अशी आहे’ या वाक्याखाली सही माझी असते. खोटी सही मी करत नाही. शनिवारपर्यंत जमलं तर ठीक. नाही तर रविवारी आपलं सॉफ्टवेअर काढून ठेवते. नसलेल्या सॉफ्टवेअरला त्रुटी नसतात.”

रणजितनं हे ऐकलं आणि पाणी प्यायला. एका बँकेनं काढलं की बाकीचे विचारणार, का काढलं. मग गावाचा रकाना सगळ्यांच्याच नजरेला येणार.

बुधवारी मी तोडगा काढला. मुख्य सर्व्हरच्या दारावर असा नियम लावला की फक्त आमच्या एजंटांनीच आत यावं, इतर कोणालाही दार उघडायचं नाही. म्हणजे तोतया येऊन सर्टिफिकेट बघूच शकणार नाही! संध्याकाळी बँकेच्या स्कॅनरनं, म्हणजे त्रुटी हुडकणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमनं, पुन्हा तपासणी केली. लाल ओळ गायब. मी टीमला मस्तानी कबूल केली.

गुरुवारी नऊ वाजता फोन. “आगाशे, लाल ओळ दिसत नाही.”

“हो ना मॅडम!”

“सर्व्हरही दिसत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण आमच्या स्कॅनरलाही दाराबाहेर उभं केलंत. ताप मोजायला आलेल्या नर्सला घरात घ्यायचं नाही आणि तब्येत उत्तम आहे असं कळवायचं, असा प्रकार झाला हा.”

“मॅडम, तो एक तात्पुरता उपाय...”

“तो शब्द आपल्याकडे फार टिकाऊ असतो, असं मी सर्टिफिकेटमध्ये वाचलं.”

फोन स्पीकरवर होता. मृणाल खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती.

मग मी सरळ वाटेला लागलो. नवं सर्टिफिकेट बनवलं: किल्ली २०४८ बिटची, शिक्का नव्या पद्धतीचा, गाव फक्त पुणे. लॅबमध्ये नवीन इन्स्टॉलरनं एक मुख्य सर्व्हर आणि एक एजंट बसवला. दोघं पहिल्याच झटक्यात बोलायला लागले.

“सर,” मृणाल म्हणाली, “हा एजंट आपण आत्ताच नव्यानं बसवला. बँकेतले एजंट जुने आहेत. त्यांच्यावर करून बघायचं का?”

“अगं, एजंटचा तो कोड मी लिहिलाय.”

“म्हणूनच विचारलं.”

मी हसलो. तिला वाटलं असणार, मी तिचं ऐकलं. खरं तर मी दुसऱ्या मीटिंगला गेलो.

शनिवार दुसरा होता, बँक बंद. बुधवारच्या प्रतापानंतर बँकेच्या सर्व्हरला हात लावायची परवानगी आता फक्त त्याच दिवशी, मॅडमच्या समोर बसून, अकरा ते दोन. मी चालत गेलो. मंडईबाहेर मटारांचे ढीग होते आणि घरून मटारांचा निरोपही होता, पण म्हटलं आधी काम, अर्ध्या तासात तर होतंय.

तावरे मॅडमनी मला एक जाडजूड रजिस्टर पुढे केलं. त्यांच्याकडे पद्धतच आहे. सर्व्हरवर काहीही करण्याआधी हातानं लिहायचं: काय बदलणार, कशासाठी बदलणार, आणि बिघडलं तर मागे कसं येणार. शेवटच्या रकान्यात मी झोकात लिहिलं, ‘लागू नाही’. त्यांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि रजिस्टर मिटलं.

सव्वाअकराला मी मुख्य सर्व्हरवर नवं सर्टिफिकेट चढवलं. स्क्रीनवर बँकेचे अडतीस एजंट हिरव्या ठिपक्यांत दिसत होते. एक लाल झाला. मग चार. मग वर्गात मास्तरांनी गृहपाठ विचारल्यावर हात खाली जावेत तसे भराभर सगळेच.

तेव्हा मला आठवलं. तोतयाच्या भीतीनं मी प्रत्येक एजंटला ओळखपत्राची खूण पाठ करून ठेवली होती. खूण जुळली नाही तर एक शब्दही बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद. ती मीच दिलेली. अडतीस इमानदार पहारेकरी, नवा साहेब ओळखीचा नाही म्हणून तोंड मिटून बसलेले. लॅबमधला एजंट नव्या खुणेसकटच जन्मला होता, त्याला अडचण यायचं कारणच नव्हतं.

“आगाशे,” तावरे मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सध्या आमच्या डेटाबेसवर पहारा कोण ठेवतंय?”

मी खोलीत नजर फिरवली. “सध्या... आपण दोघं.”

“छान. मग परत फिरा.”

परत फिरायला जुनं सर्टिफिकेट हवं. त्याच्यावरच मी नवं चढवलं होतं, त्यात जुनं पुसलं गेलं. मी लॅपटॉपच्या पिशवीत हात घालून उगाचच काहीतरी शोधायला लागलो. पेन सापडलं.

मॅडमनी ड्रॉवर उघडून एक हार्ड डिस्क टेबलावर ठेवली. “आपण यायच्या आधी पूर्ण प्रत काढून ठेवलीय. ‘लागू नाही’ लिहिणारे आपण पहिले नाही.”

जुनं सर्टिफिकेट परत चढवलं. ठिपके एकेक करून हिरवे झाले. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. सोमवारी त्यांची सही होती आणि माझ्या हातात मंगळवारी होतं तेच नारायण पेठेचं सर्टिफिकेट होतं.

मी मृणालला फोन लावला. “अगं, ते जुने एजंट...”

“लाल झाले?”

“तुला कसं कळलं?”

“सर, मी गुरुवारीच लॅबमध्ये करून बघितलं होतं. तुम्हाला मेल केलाय. स्क्रिप्टही जोडलीय.”

मेल होता. गुरुवारी संध्याकाळचा, न उघडलेला. वर विषय: ‘सर, कृपया शनिवारच्या आधी वाचा’.

तिची रीत साधी होती. जुनं ओळखपत्र चालू असतानाच, त्याच ओळखीवर, प्रत्येक एजंटला निरोप द्यायचा: उद्यापासून साहेबाचं कार्ड बदलणार आहे, नव्या कार्डाची खूण ही अशी, दोन्ही लक्षात ठेव. सगळ्यांकडून ‘समजलं’ आलं की मगच मुख्य सर्व्हरचं कार्ड बदलायचं. सगळं नीट चाललं की जुनी खूण पुसायची. मी जे केलं त्यात आणि यात फरक होता तो फक्त क्रमाचा.

पुन्हा रजिस्टर. या वेळी शेवटचा रकाना मी सात ओळी भरून लिहिला. मॅडम म्हणाल्या, “अक्षर चांगलं आहे आपलं.”

तिची स्क्रिप्ट, म्हणजे हे निरोप आपोआप देणारा छोटा प्रोग्रॅम, चालवली. मृणाल फोनवर होती. सदतीस एजंटांकडून ‘समजलं’ आलं. एकाकडून नाही.

“तो लॉकर विभागाचा सर्व्हर,” मॅडम म्हणाल्या. “फार जुना आहे. दोन महिन्यांनी नवा येणार आहे.”

इतका जुना की नव्या पद्धतीचा शिक्का त्याला वाचताच येत नव्हता. कार्ड बदललं की तो गप्प होणार. घड्याळात एक वाजून गेला होता. मी जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणालो, “मॅडम, एक सुचवू? हा एक यादीतून काढला, तर स्क्रीनवर सगळेच हिरवे दिसतील.”

फोनमधून मृणालचा आवाज आला, “सर!”

मॅडमनी फक्त पाहिलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला ती नजर समजते. मी खुर्ची मागे घेतली.

“सदतीस बदला,” त्या म्हणाल्या. “अडतिसाव्याचं मी लिहिते. त्रुटी शिल्लक, कारण हे, तोवर आमचा माणूस रोज सकाळी त्या सर्व्हरची नोंद हातानं तपासणार, मुदत दोन महिने. आणि जबाबदार व्यक्ती...” त्यांनी पेन उचललं. “पूर्ण नाव सांगा आपलं.”

पावणेदोनला कार्ड बदललं. सदतीस ठिपके हिरवे राहिले, एक लाल झाला. स्कॅनरसाठी दार उघडून त्याला आत घेतलं. त्यानं नवं सर्टिफिकेट पाहिलं आणि लाल ओळ गेली. परत येताना मटार घ्यायचे विसरलो. घरी त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते या लेखाच्या विषयात बसत नाही.

सोमवारी संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “तपासनीस सदतीस हिरव्यांकडे बघत बसलेच नाहीत. थेट त्या एकावर गेले. रोज कोण तपासतं, नोंद कुठे आहे, सर्व्हर कधी बदलणार, सगळं विचारलं. सगळ्याला उत्तरं होती. म्हणाले, बाकी ठिकाणी सगळंच हिरवं असतं, म्हणून आम्हाला जास्त खोदावं लागतं.”

“म्हणजे आपण सही केलीत?”

“केली. आपलं सॉफ्टवेअर राहिलं.”

आणि मी बुधवारच्या तोडग्यावर थांबलो असतो तर तपासनिसांनी पहिल्या पाच मिनिटांत काय विचारलं असतं, याचा मी त्या रात्री विचार केला. तेव्हा सही माझी नसती, त्यांची असती.

पुढचे दोन महिने दर सोमवारी सकाळी मॅडमचा एका ओळीचा निरोप येत राहिला: ‘रजिस्टरमध्ये आपलं नाव अजून आहे.’ नवा सर्व्हर आला, अडतिसावा ठिपका हिरवा झाला, तेव्हा त्यांनी त्या पानाचा फोटो पाठवला. माझ्या नावावर पट्टी धरून मारलेली रेघ होती. पंचवीस वर्षांत मला मिळालेल्या दोन-चार शाबासक्यांमध्ये मी ती धरतो.

मृणालच्या क्रमानंच मग बाकीच्या सगळ्या ग्राहकांचंही काम झालं. आता प्रत्येक ठिकाणी इन्स्टॉलर स्वतःच वेगळी किल्ली आणि वेगळं सर्टिफिकेट बनवतो, माणसाला काही विचारत नाही. पॅच, म्हणजे अशी दुरुस्ती, कोणत्या क्रमानं जायचा हेही आता मृणाल ठरवते, आणि मला येणाऱ्या तिच्या मेलला ‘वाचलं’ असं उत्तर दिल्याशिवाय माझा कोड पुढे सरकत नाही. हा नियम मीच सुचवला, असं मी सगळ्यांना सांगतो.

शिकलो ते एवढंच. नवं ओळखपत्र छापायला अर्धा तास लागतो. जुनं कोणाकोणाला पाठ आहे, हे शोधायला आठवडा. म्हणून हल्ली असं काम आलं की मी रणजितला आठवडा सांगतो. तो “हो काका,” म्हणतो आणि अर्धा तास लिहून घेतो.