भुंग्याची आंघोळ

माझ्या मावशीला सगळं गाव सिस्टर म्हणतं. त्यात नवल काही नाही. ती इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती आणि गावातल्या निम्म्या लोकांची पोटं तिने आतून पाहिली होती. नवल हे, की काकाही तिला सिस्टरच म्हणतात. लग्नाआधी ते अपेंडिक्स काढून घ्यायला तिथे दाखल झाले होते. तेव्हा जिभेला जी सवय लागली ती लागली. "सिस्टर, जरा चहा होईल का?" असं नवऱ्याने बायकोला विचारलं की नवखे पाहुणे कप हातात धरून एकमेकांकडे बघत बसतात.

काका तळ्यावर लाँच चालवतात. गाव या काठाला, बाजार त्या काठाला, आणि मधलं पाणी एवढं रुंद की धुकं असलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. धक्क्यापासून वर चढलं की तिसरं घर मावशीचं. त्याच्या वरच्या मजल्यावर मी राहते, त्यामुळे पुढे सांगते आहे त्यातलं बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मावशी नळाची तोटी कोपराने बंद करायची. इस्पितळ सुटलं तरी ती सवय सुटली नाही. दुधाची पिशवी घरात येण्याआधी धुतली जायची. दाराची कडी, फोन, काकांच्या लाँचच्या किल्ल्या, कशाचीच सुटका नव्हती. जन्मभर साबणाने घासून घासून तिच्या हातांची सालं निघायची, थंडीत बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. आणि कशाने दिपून जाणं हा प्रकार तिच्या स्वभावात नव्हता. आईच्या पोटातून नुकतं काढलेलं, अजून रडायचं बाकी असलेलं मूल जिने शेकडो वेळा हातात घेतलंय, तिला आणखी काय दाखवणार? काका संध्याकाळी तिला हाक मारून तळ्यावरचे ढग दाखवायचे. ती खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "छान आहेत. पाय पुसून आत या."

अशा घरात भुंगा आला.

भुंगा माझ्या मामाचा कुत्रा. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. साठी उलटली तरी ती त्याला बाळ म्हणते. तो तळ्याच्या वरच्या टोकाला होड्या दुरुस्त करायचा. गुडघे गेल्यावर लेकीने त्याला आपल्याकडे शहरात बोलावून घेतलं. तिथे उंच इमारतीत कुत्र्याला परवानगी नव्हती. मामाने त्याला लाँचमधून आणलं आणि मावशीच्या दारात उभं केलं.

काळाभोर, उंच, रुंद छातीचा. तोंड आणि पायांची पुढची बाजू गुळगुळीत. बाकी मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळं अंग बारीक, घट्ट कुरळ्या केसांनी भरलेलं, जणू कुणी एकेक बट काडीवर पिळून सोडली आहे. उन्हात उभा राहिला की त्याच्या काळ्या रंगातून निळसर झाक निघायची.

"ताई, याचं फार काही करावं लागत नाही," मामा म्हणाला. "ब्रश महिन्या-दीड महिन्यातून एकदा. केस गळायचे दिवस असले तर जरा जास्त. कानामागे गुंता होतो, तेवढा बोटांनी सोडव. आंघोळ फारच मळला तर. एरवी तळ्यात जातो, तेवढं बास."

"साबण?"

"वर्षातून दोनदा-तीनदा. तोही साधा."

मावशीने भावाकडे असं बघितलं की तो थेट दहा वर्षांचा झाला. आंघोळीच्या वेळी गच्चीवर लपून बसणारा हा मुलगा. याच्या तोंडून आंघोळीचा सल्ला ती कशाला ऐकते? "बरं," एवढंच ती म्हणाली. मामाला घेऊन लाँच धक्का सोडून गेली तेव्हा बंबात पाणी तापायला लागलेलं होतं.

त्या दिवसापासून दर शनिवारी भुंग्याची आंघोळ. कढत पाणी, इस्पितळात वापरतात तसला औषधी साबण, आणि फेस निघून जाईपर्यंत घासणं. सकाळी ब्रश, संध्याकाळी ब्रश. भुंगा मान खाली घालून सगळं सोसायचा. मधूनच मावशीच्या मनगटाला जीभ लावायचा, की ती उठून मनगट धुऊन यायची.

पहिल्या काही आठवड्यांत तो बघण्यासारखा झाला हे खरं. ब्रशने बटा सुटल्या, केस फुलले, आणि तो पिंजलेल्या काळ्या कापसाच्या ढिगासारखा दिसायला लागला. शेजारीपाजारी कौतुक करत. "सिस्टर, काय मऊ झालाय हो!" मावशी नुसता पदर नीट करायची.

मग तो खाजवायला लागला. आधी मान, मग पोट. काळ्या केसांत पांढरा कोंडा दिसायला लागला. मावशीचा निष्कर्ष ठरलेला होता: घाण राहते आहे. आंघोळ बुधवारीही सुरू झाली.

हिवाळा लागला होता. एका सकाळी काका लाँच धुवत होते आणि धक्क्यावरची एक फळी पाण्यात पडून वाहायला लागली. भुंग्याने जन्मभर मामाच्या होड्यांची लाकडं पाण्यातून काढून आणली होती. त्याने कुणाकडे बघितलंही नाही, सरळ उडी घेतली. पोहत गेला, फळी तोंडात धरली, वळला. आणि अर्ध्या वाटेत मंदावला. त्याची पाठ, जी एरवी पाण्यावर तरंगायची, ती खाली खाली जायला लागली. काकांनी लाँचवरची आकड्याची काठी लांबवून त्याचा गळ्यातला पट्टा ओढला आणि त्याला वर घेतलं. फळी त्याने तरीही सोडली नव्हती.

मी वरून धावत खाली आले तेव्हा तो धक्क्यावर उभा होता. ओल्या गोधडीसारखं अंगभर पाणी धरलेलं. त्याने अंग झाडायचा प्रयत्न केला, पण अंग जड झालेलं, तोल गेला आणि तो बसला. दातांवर दात आपटत होते. कुत्र्याचे दात थंडीने वाजतात हे मी त्या दिवशी पाहिलं. मावशीने त्याला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, शेगडीजवळ आणलं, पोटाला गरम पाण्याची पिशवी लावली. हे सगळं तिने इतक्या झपाट्याने आणि शांतपणे केलं, की ती किती घाबरली आहे ते आम्हाला कळलंच नाही. तो थरथरायचा थांबल्यावर ती उठली, आणि उठताना भिंतीला हात लावून उभी राहिली, तेव्हा कळलं.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. कातडी कोरडी पडली आहे म्हणाले, औषध दिलं. दुपारी मावशीने मामाला फोन लावला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

"बाळ, भुंगा भिजला. आज बुडतच होता."

"भिजला म्हणजे?"

"म्हणजे भिजला. अगदी कातडीपर्यंत ओला झाला. किती वेळ थरथरत होता."

मग मामा म्हणाला, "ताई, मी त्याला कधी भिजलेला बघितलेला नाही."

"पाण्यात राहणारा कुत्रा भिजत नाही?"

"त्याच्या अंगात पाणी शिरत नाही गं. कातडीतून तेल येतं, ते केसांत उतरतं. बटा घट्ट असल्या की पाणी वरच्या वर राहतं. तू..." तो थांबला. भाऊ मोठ्या बहिणीशी जसा थांबतो तसा. "तू साबण लावतेस का?"

मावशीने फोन या हातातून त्या हातात घेतला. स्वतःच्या मोकळ्या हाताकडे, पेरांवरच्या चिरांकडे बघत राहिली. "लावत होते," ती म्हणाली.

मग मावशीच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम सुरू झालं. ते म्हणजे काही न करणं. गरम पाण्याचा बंब शनिवारी तापायचा, आणि ती त्याच्या शेजारी उभी राहायची, मग परत स्वयंपाकघरात जायची. ब्रश तिने काकांच्या हाती दिला आणि सांगितलं, "हा मला सापडणार नाही अशा जागी ठेवा." काकांनी तो लाँचवर, हातोड्या-पान्यांच्या पेटीत ठेवला. भुंग्याला चिखल लागला तर साध्या पाण्याने पाय धुवायचे, बाकी अंगाला हात नाही. घरात हळूहळू कुत्र्याचा वास यायला लागला. तो जिथे टेकून झोपायचा तिथे भिंतीवर एक तेलकट तपकिरी डाग उमटला. मावशी भिंत घासायची. भुंग्याला घासता येत नाही तर निदान भिंत तरी.

"सिस्टर, त्या भिंतीलाही तेल सुटत असेल," काका म्हणायचे. "तिला तरी सोडा."

बदल एका दिवसात दिसला नाही. आधी खाज कमी झाली. मग कोंडा. मग एका सकाळी मावशीने मला वरून हाक मारून बोलावलं आणि भुंग्याच्या मानेजवळ बोट दाखवलं. तिथे, पिंजलेल्या केसांच्या खाली, नवे केस वळून बसायला लागले होते. एकेक बट दुसरीत अडकून, कौलावर कौल बसावं तशी. मावशी चष्मा कपाळावर सरकवून किती तरी वेळ ते बघत होती. "याला कोण सांगतं, कुठे वळायचं ते?" ती म्हणाली. तिने ते मला विचारलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज बघायची. हात न लावता, जमिनीवर बैठक मारून, ड्रेसिंगखालची जखम भरते आहे का ते जसं बघायची तसं. पोटापासून पाठीकडे, पाठीपासून शेपटीकडे बटा घट्ट होत गेल्या. निळसर झाक परतली.

हिवाळा सरता सरता मामा आठवडाभर राहायला आला. भुंग्याने त्याला बघून जे केलं ते सांगत नाही. मामाला धक्क्यावरच्या बाकावर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथेच होतो. पाण्यावरून वाफ निघत होती, एवढा गारठा. मामाने एक लाकूड उचललं.

"नको," मावशी म्हणाली.

मामाने तिच्याकडे बघितलं, लाकूड खाली ठेवलं नाही, फेकलंही नाही. ते तिच्या हातात दिलं.

तिने ते हातात धरलं. भुंगा तिच्याकडे बघत उभा, कान पुढे, एक पाय उचललेला. मग तिने लाकूड फेकलं. पहिल्यांदाच फेकत होती, त्यामुळे ते जवळच पडलं, पण भुंग्याने ते फार लांब पडल्यासारखीच झेप घेतली. त्याची पाठ पाण्यावर होती. काळी, सपाट, न बुडणारी. तो परत आला, पायऱ्या चढला, लाकूड मावशीच्या पायाशी ठेवलं आणि अंग झाडलं. एकदाच. थर्मामीटर फुटल्यावर पारा घरंगळतो तसे पाण्याचे गोल मणी त्याच्या बटांवरून घरंगळून खाली पडले.

"ताई, हात घाल," मामा म्हणाला.

मावशी गुडघ्यांवर बसली. तिने दोन्ही हातांची बोटं त्याच्या खांद्याजवळच्या बटांत घातली, हळूहळू बाजूला केली, आणि खाली कातडीपर्यंत गेली. तिथे थांबली.

मी तिचा चेहरा बघत होते. या चेहऱ्यावर मी कधी असं काही पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, डोळे कुठेच न बघणारे.

"कोरडं आहे," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेलेला. मग, "ऊन आहे. अहो, इथे आत उन्हाळा आहे."

काकांनीही हात घातला. मीही घातला. बाहेर बोटं बधिर करणारं पाणी, आणि एका बोटाच्या अंतरावर आत, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी ऊब. मामा बाकावर बसून आमच्याकडे बघत होता. त्याला हे माहीत होतं, तरी तोही उठून आला.

मावशी खूप वेळ तशीच बसून राहिली. भुंगा हलला नाही. शेवटी ती म्हणाली, "एवढी वर्षं मी माणसांच्या आत बघितलं. नेहमी काहीतरी बिघडलेलं असायचं, म्हणूनच तर उघडायचो. न बिघडलेलं मी हे पहिल्यांदा बघते आहे." आणि उठली ती हात न धुता, तशीच घरात गेली. काका मला हळूच म्हणाले, "बघितलंस?"

आता ब्रश पेटीतून बाहेर आला आहे, पण तो महिन्यातून एखाद्या वेळीच निघतो. केस गळायला लागले की थोडा जास्त. त्यानंतर मावशी ओले हात भुंग्याच्या अंगावरून गोल गोल फिरवते, म्हणजे सुटलेल्या बटा परत वळून बसतात. साबण वर्षातून दोनदा-तीनदा, सौम्य, आणि तो पुरता निघून जाईपर्यंत साधं पाणी. कानामागचा गुंता मात्र ती स्वतःच बोटांनी सोडवते. ते काम ती कुणाला देत नाही.

धक्क्यावर लाँचची वाट बघणारे लोक भुंग्याला बघतात आणि विचारतात. मागच्या आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ होते, गावात नवे आलेले, पलीकडे बँकेत जायला निघालेले, हातात छत्री, अंगावर इस्त्रीचा कोट. भुंगा नुकताच पाण्यातून आला होता.

"बाई, याला आंघोळ किती वेळा घालता?" त्यांनी विचारलं.

"फारशी नाही," मावशी म्हणाली. "हात घालून बघा."

ते आधी हसले. मग कोटाची बाही जपून मागे सारली, वाकले, आणि बटांत बोटं घातली. हसणं थांबलं. काकांनी भोंगा वाजवला. लोक चढले. काकांनी दुसऱ्यांदा वाजवला, मग मावशीकडे बघून इंजिन मंद केलं आणि वाट बघत बसले. गृहस्थांची छत्री हातातून गळून पायरीवर पडली होती. ते तसेच वाकून उभे होते, आणि मावशी त्यांच्या शेजारी, त्यांना जराही घाई न करता.